बांधीतले गुरुजी

शेतीशिक्षणाचा इतिहास सांगू लागले की आपण इमारतींच्या कोनशिला वाचतो. आमच्या भंडारा जिल्ह्यात तो तलावांच्या पाळीवरून वाचावा लागतो. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने येथे शेकडो तलाव बांधले. उतार कसा हेरावा, शेवटच्या बांधीपर्यंत पाणी कसे पोचवावे, हे बापाने करावे आणि मुलाने पाहावे, एवढीच त्यांची शाळा.

१९०६ साली नागपूरला कृषिमहाविद्यालय निघाले. भंडाऱ्याहून ते अवघे साठ किलोमीटर. पण बांधीपासून फार दूर. तेथे शिकलेला तरुण बहुधा शेतकी खात्यात जाई. नांगरामागे क्वचितच येई. हे अंतर तोडण्यासाठीच अध्यापन, संशोधन आणि विस्तार एकत्र नांदवणारी कृषिविद्यापीठे आली. पहिले पंतनगरला, १९६० साली. विदर्भाला मात्र त्यासाठी आंदोलन करावे लागले; १९६९ साली अकोल्याचे विद्यापीठ झाले आणि त्याला पंजाबराव देशमुखांचे नाव लाभले. साकोली आणि सिंदेवाही येथे त्याची धानाची संशोधन केंद्रे आहेत.

आता शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड खेड्याकडे पाहा. दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ च्या सुमारास आपल्या धानात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी वेगळे राखले, वर्षानुवर्षे निवडून वाढवले. तेच 'एचएमटी' तांदूळ. नाव घड्याळावरून पडले. १९९८ साली विद्यापीठाने त्याच वाणातून 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केले. तांदूळ घरोघर पोचला; दादाजींच्या पदरी पैसा फारसा पडला नाही. २०१८ साली ते गेले.

निवड, तुलना, पुन्हा निवड! कृषिपदवीच्या वर्गात हीच पद्धत फळ्यावर शिकवतात. हल्ली विद्यार्थी पदवीच्या शेवटच्या वर्षी काही महिने खेड्यात कार्यानुभवासाठी येतात, हे फार चांगले झाले. पण तेथे शेतकरी केवळ माहिती पुरवणारा राहू नये. मी मास्तर आहे. शिकवणाऱ्याला मान आणि मानधन दोन्ही लागतात, हे मला ठाऊक आहे. ज्याच्या बांधीत विद्यार्थी शिकला, त्याचे नाव अध्यापकांच्या यादीत हवे, आणि त्याने दिलेले गुण गुणपत्रिकेत हवेत. तलावांचा हिशेब कोहळ्यांच्या नावे मांडता येतो. धानाचा हिशेब तरी निनावी राहू नये.