पुराणवस्तूंच्या संगणकीय नोंदी : यवतमाळ जिल्ह्यांतील शिळा व महानुभाव पोथ्या

(१) विषयप्रवेश

शिलालेख, ताम्रपट, पोथ्या, दप्तरें इत्यादि साधनांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकांत सांठविण्याचें कार्य अलीकडे सर्वत्र चालूं आहे. भारत सरकारनें २००३ सालीं हस्तलिखितांसाठीं राष्ट्रीय पाण्डुलिपि मिशन स्थापिलें. २०२५ च्या अर्थसंकल्पांत ‘ज्ञान भारतम्’ ही योजना जाहीर झाली. तींत विद्यासंस्था, संग्रहालयें व ग्रंथालयें यांच्याबरोबर खाजगी संग्राहकांसहि सामील करून घेऊन १ कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी व नोंद करण्याचा संकल्प सोडण्यांत आला आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं पोथ्यांचे रुमाल आहेत. तेव्हां ही गोष्ट दूरच्या सरकारी कचेरींतील नसून त्यांच्या स्वतःच्या फडताळांतील आहे.

परंतु छायाचित्र म्हणजे नोंद नव्हे. छायाचित्रानें पोथीच्या पानाची आकृति राहते. ती पोथी कोणत्या गांवांतून आली, कोणत्या मठांत होती, कोणीं लिहिली, कोणीं वाचली व त्या वाचनावरून कोणतें मत बनलें, हें त्यांत उमटत नाहीं. हजारों पानांचीं चित्रें जमा झालीं तरी त्यांचे परस्परसंबंध नोंदले नसतील, तर कागदाच्या ढिगाऱ्याऐवजीं चित्रांचा ढिगारा, एवढाच फरक पडेल. हे संबंध यंत्रास कळतील अशा रीतीनें मांडण्याच्या शास्त्रास ‘सिमॅंटिक मॉडेलिंग’ म्हणतात. आम्ही त्यास अर्थसंबंधांची मांडणी असें म्हणूं. या मांडणीचें मर्म काय व आपल्या साधनांस ती कितपत लागू पडते, हें यवतमाळ जिल्ह्याशीं निगडित अशा दोन उदाहरणांनीं दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२) घटना हा नोंदीचा मध्य

जुन्या पद्धतीची सूची म्हणजे रकान्यांचें कोष्टक होय. वस्तूचें नांव, कर्ता, काल, स्थळ, आकार, शेरा, असे रकाने आंखले म्हणजे सूचीकाराचें काम संपलें. पण ‘काल’ या एका रकान्यांत कोणता काल लिहावयाचा? ग्रंथ रचल्याचा, नक्कल उतरल्याचा, कीं पोथी सांपडल्याचा? ‘स्थळ’ म्हणजे लिहिल्याचें स्थळ, कीं आज ती आहे तें? ज्यानें त्यानें आपापल्या समजुतीप्रमाणें रकाना भरला, म्हणजे दोन सूची एकमेकींशीं ताडून पाहणें अशक्य होतें.

या अडचणीवर आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या नोंदविषयक समितीनें उपाय शोधिला. ‘सीडॉक’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या समितीनें १९९६ पासून परिश्रम करून जो आराखडा सिद्ध केला, त्यास सीडॉक सीआरएम म्हणतात. २००६ सालीं आयएसओ २११२७ या क्रमांकानें त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. त्याचें मुख्य तत्त्व एका वाक्यांत सांगतां येतें. वस्तु, मनुष्य, स्थळ व काल यांचा परस्परांशीं परभारें संबंध नसतो. तीं घटनेंत एकत्र येतात. पोथीस ‘काल’ नसतो. ती लिहिण्याच्या घटनेस काल असतो. पोथी विकत घेणें ही दुसरी घटना, वाचणें ही तिसरी. प्रत्येक घटना वेगळी लिहिली म्हणजे प्रत्येकीचीं माणसें, जागा व तिथि आपापल्या ठिकाणीं बसतात. एकाद्या विद्वानानें वस्तूस अमुक काल दिला, हीहि घटनाच समजावयाची असल्यामुळें, मत आणि वस्तुस्थिति यांची भेसळ होत नाहीं.

(३) डोंगरगांवचा शिलालेख

पुसद तालुक्यांतील डोंगरगांव येथील संस्कृत शिलालेख महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं ‘एपिग्राफिआ इंडिका’च्या २६ व्या खंडांत प्रसिद्ध केला. परमार राजा उदयादित्य याचा पुत्र जगद्देव याच्या वेळचा हा लेख असून जगद्देवानें डोंगरग्राम हा गांव ब्राह्मणास दिल्याचा उल्लेख त्यांत आहे. काल शके १०३४, नंदन संवत्सर, चैत्र पौर्णिमा. गणितानें हा दिवस शुक्रवार, १५ मार्च १११२ येतो. कोष्टकाच्या पद्धतीनें या शिळेची नोंद येथेंच संपते.

घटनांच्या पद्धतीनें पाहूं लागलें म्हणजे याच नोंदींतून निदान पांच गोष्टी वेगळ्या निघतात. शिळा ही वस्तु. तिच्यावरील मजकूर हा ग्रंथरूप विषय. दान ही एक घटना. लेख कोरणें ही दुसरी. आणि मिराशींचें वाचन ही तिसरी. दान व कोरणें हीं एकाच दिवशीं झालीं असें गृहीत धरण्याचें कारण नाहीं. शिळा उद्यां झिजली तरी मजकूर व त्याचें वाचन राहील. वाचनांत उद्यां कोणीं दुरुस्ती सुचविली तर शिळा व मजकूर यांच्या नोंदीस हात न लावतां नव्या वाचनाची नोंद शेजारीं बसेल.

या वेगळेपणाचें महत्त्व एका शब्दावरून स्पष्ट होईल. भोज व उदयादित्य यांचें नातें काय, हा परमारांच्या इतिहासांतील वादाचा प्रश्न होता. नागपूरच्या संग्रहालयांतील नरवर्म्याच्या वेळच्या प्रशस्तींत (विक्रम संवत् ११६१) उदयादित्यास भोजाचा ‘बंधु’ म्हटलें आहे. पण बंधु म्हणजे भाऊहि होतो व नातलगहि होतो. डोंगरगांवच्या लेखांत भोजानंतर तीन शत्रूंच्या स्वाऱ्यांत बुडालेली माळव्याची भूमि वर काढणाऱ्या उदयादित्यास भोजाचा ‘भ्राता’ असें स्पष्ट म्हटल्यामुळें संदेह फिटला. आतां कल्पना करा कीं, नागपूरच्या प्रशस्तीची नोंद करितांना सूचीकारानें ‘बंधु’चा अर्थ परस्पर ‘भाऊ’ करून टाकला. मग दोन्ही लेखांची साक्ष सारखीच दिसेल, आणि डोंगरगांवच्या लेखानें इतिहासांत कोणती नवी भर घातली हेंच दिसेनासें होईल. म्हणून शिळेवरील शब्द एका थरांत व आपण केलेला अर्थ दुसऱ्या थरांत, असा नियम कसोशीनें पाळला पाहिजे. त्या तीन शत्रूंचेंहि तसेंच. शिळेवर त्यांचीं नांवें नाहींत. कलचुरि कर्ण, कल्याणीचा चालुक्य सोमेश्वर दुसरा इत्यादि नांवें विद्वानांनीं पुढें केलीं आहेत. तीं त्या त्या विद्वानाच्या नांवावरच लिहिलीं पाहिजेत, लेखाच्या नांवावर नव्हे.

जगद्देवाविषयीं तर अधिकच सावधगिरी हवी. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यांत जैनद येथें जो लेख आहे, त्यांतहि जगद्देव येतो. गुजराथी भाटांच्या आख्यानांतील जगदेव परमार हा सिद्धराज जयसिंहाच्या पदरीं राहिलेला शूर पुरुष होय. त्याची कथा फोर्ब्स यांनीं आपल्या ‘रासमाला’ (१८५६) ग्रंथांत दिली आहे. शिलालेखांतील पुरुष व आख्यानांतील पुरुष एकच असें म्हणणें हा एक निष्कर्ष आहे. संगणकांत हे दोघे ‘एकच’ म्हणून जोडले गेले, कीं आख्यानांतील प्रत्येक अद्भुत प्रसंग यंत्र निमूटपणें ऐतिहासिक जगद्देवाच्या नांवावर चढवील. कागदावरील चूक एका पानावर राहते. जोडलेल्या नोंदींतील चूक सर्व नोंदींत पसरते.

स्थळाच्या रकान्याची कथाहि अशीच आहे. डोंगरगांव या नांवाचीं गांवें अनेक आहेत. शिवाय गांव जागचें हललें नाहीं तरी त्याचा पत्ता पुष्कळदां बदलला. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडण्यांत आलें. १९०५ च्या फेरमांडणीपूर्वीं पुसद तालुका वाशीम जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं तो वणी जिल्ह्यांत आला व त्या जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. पुढें १९५० सालीं मध्यप्रदेश, १९५६ सालीं द्विभाषिक मुंबई राज्य व १९६० सालीं महाराष्ट्र, अशी राज्यांचीं नांवें पालटलीं. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘येओतमाळ, वऱ्हाड’ म्हणून छापलेलें गांव व आजच्या यादींतील गांव एकच, हें यंत्रास आपोआप कळत नाहीं. गांवाची नोंद एक व तीस जोडलेलीं नांवें अनेक, प्रत्येक नांव कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, अशीच व्यवस्था केली पाहिजे.

(४) महानुभाव पोथ्या व ‘वासना’

शिळा एका जागीं असते, पोथी फिरते. तिच्या नोंदीचा प्रश्न म्हणून अधिक बिकट आहे. यवतमाळचे वकील यशवंत खुशाल देशपांडे (१८८४–१९७०) यांनीं शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभारून महानुभाव वाङ्मयाचा पाठपुरावा केला. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ सालीं निघाला. या पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहिलेले असल्यामुळें बाहेरच्या जगास ते कित्येक शतकें बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं सकळ लिपीची उकल प्रसिद्ध केल्यावर हें दालन उघडलें. पुढें इयन रेसाइड यांनीं १९६० सालीं महानुभावांच्या मराठी ग्रंथांची सूची, व १९७० सालीं सकळ लिपीवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला.

अशा पोथीची नोंद करितांना तीन थर राखावे लागतात: पानावर दिसणारीं अक्षरें, कोणत्या किल्लीनें तीं उलगडलीं तें, व त्यावरून सिद्ध झालेला बाळबोध मजकूर. केवळ बाळबोध उतारा ठेवला तर उलगड्यांतील चूक पुढें कधींच सांपडणार नाहीं. केवळ चित्र ठेवलें तर शोध घेणाऱ्यास पोथींत काय आहे हें कळणार नाहीं. ग्रंथ, पाठ व पोथी हेहि वेगळे मानले पाहिजेत. ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ एक. त्याचे पाठ अनेक. आणि प्रत्येक पाठाच्या पोथ्या त्याहून अनेक. १९७८ सालीं डॉ. वि. भि. कोलते यांनीं संपादिलेली प्रत ही त्यांपैकीं कशाची प्रतिनिधि, हें नोंदींत दिसलें पाहिजे.

आतां एक गोष्ट आमच्या वाचकांच्या विशेष ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. साक्ष व साक्षीदार यांची ताटातूट करूं नये, हें जें तत्त्व आज नव्या शास्त्राच्या नांवानें येत आहे, तें मराठीच्या आद्य गद्यास ठाऊक होतें. म्हाइंभटानें चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनीं पाहिल्या वा ऐकल्या त्यांजकडे जाऊन विचारून गोळा केल्या. एकाच प्रसंगाविषयीं दोघांचें सांगणें जुळलें नाहीं तर एक खोडून दुसरें ठेवण्याऐवजीं, सांगणाऱ्याच्या नांवानिशीं दुसरा पाठ देण्याची रीत या परंपरेंत पडली. अशा भिन्न पाठास ‘वासना’ व चौकशीअंतीं हातीं आलेल्या माहितीस ‘शोधु’ अशा संज्ञाहि तिनें ठरविल्या. स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ प्रत गेली व स्मरणावरून ग्रंथ पुन्हां जुळवावा लागला, असें परंपरा सांगते. अशा प्रसंगीं कोणाचें स्मरण कोणतें, हें लिहून ठेवण्याची किंमत त्या मंडळींस आपल्यापेक्षां अधिक कळली होती. ‘स्थानपोथी’ तर स्थळांची व्यवस्थित नोंदवहीच होय: गांव, देवळाची दिशा, द्वाराचें तोंड व तेथें घडलेली लीळा, असा तिचा क्रम. स्थळ व घटना यांची सांगड घालणारी ही मराठी मांडणी सीडॉकच्या आराखड्यापूर्वीं कित्येक शतकांची आहे.

(५) एक आक्षेप व संग्राहकांस विनंती

इतका खटाटोप करण्यास मनुष्यबळ कोठें आहे, चित्रें तरी अगोदर घेऊन ठेवावीं, असा आक्षेप येईल. कसरीनें खाल्लेल्या पोथीचें चित्र आज घेतलेंच पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु चित्र पांच वर्षांनीं पुन्हां घेतां येतें. पोथी कोणत्या घरांतून आली हें जाणणारा मनुष्य पांच वर्षांनीं असेलच असें नाहीं. या ज्ञानाचा मोठा भाग संग्राहकाच्या केवळ स्मरणांत असतो. त्याच्या पश्चात् रुमाल सुटतात, पानें मिसळतात, आणि मठाचें व गांवाचें नांव तुटलेली पोथी बाजारांत केवळ जुना कागद म्हणून फिरते. तिची अर्धी साक्ष तेव्हांच नाहींशी झालेली असते.

म्हणून आमची विनंती एवढीच कीं, यंत्राची वाट न पाहतां प्रत्येक संग्राहकानें प्रत्येक पोथीबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. तींत पोथी कोणत्या गांवीं, कोणाकडून, कोणत्या वर्षीं मिळाली. तिजवरील लेखनकाल जसा असेल तसा, त्याच्याच शब्दांत. ती कोणीं वाचली व केव्हां. आणि आपलें स्वतःचें अनुमान असल्यास तें वेगळ्या ओळींत, आपल्या नांवानिशीं, इतकें लिहावें. गांव सांगतांना तालुकाहि लिहावा. रुमाल बदलला तर जुन्या रुमालावरील अक्षरें उतरून घ्यावीं. पुढें नोंदणीसाठीं कोणीहि आलें तर हीच चिठ्ठी पोथीच्या पहिल्या पानाच्या अगोदर छायाचित्रास ठेवावी. शास्त्राचे आराखडे बदलतील, यंत्रें बदलतील. चिठ्ठीवरची माहिती कोणत्याहि आराखड्यांत बसवितां येईल. ती लिहिलीच नसेल तर मात्र कोणतेंहि यंत्र ती निर्माण करूं शकणार नाहीं.