कोय लहान कशी झाली?

पेण-रोह्याकडच्या परसातल्या रायवळ आंब्यांच्या कोयी आपण मुलांना जमवायला सांगू. दोन झाडांच्या कोयी सहसा सारख्या नसतात, कारण प्रत्येक झाड वेगळ्या कोयीतून उगवलेले असते. आवडलेला आंबा जसाच्या तसा हवा, तर कलमच बांधावे लागते. पोर्तुगीज काळात गोवा-कोकणात कलमांची रीत फोफावली; हापूस तिच्यामुळेच टिकला.

पुढे संकर आले. नीलम आणि हापूस यांपासून १९८१ साली ‘रत्ना’ निघाला. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९२ साली पातळ कोयीचा ‘सिंधू’ दिला. पण त्याचेही कलमच लावावे लागते.

हापूससुद्धा कधीकाळी कुठल्याशा कोयीतूनच उगवला होता. म्हणून रायवळ तोडण्याआधी त्याची कोय आपण एकदा मोजून पाहू.