उलटा फुंकणारा व्हॅक्यूम क्लीनर

गळ्याला भोक पाडायचं, श्वासनलिकेत नळी बसवायची. दिवसा ती बुचाने बंद ठेवायची आणि झोपताना उघडायची. झोपेत घसा मिटून ज्यांचा श्वास वारंवार अडकतो, अशा (स्लीप ॲप्नियाच्या) गंभीर रुग्णांसाठी 1980 पर्यंत खात्रीचा इलाज होता तो हाच. त्या वर्षीच्या जूनमध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात एक बांधकाम कामगार आला. गळ्याला भोक पाडून घ्यायला तो काही केल्या तयार होईना. एका रात्रीच्या प्रयोगाला मात्र त्याने होकार दिला.

प्रयोग करणारे डॉ. कॉलिन सलिव्हन काही काळापूर्वीच टोरांटोहून परतले होते. तिथे एलियट फिलिप्सन यांच्याबरोबर त्यांनी झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनाचा अभ्यास केला होता. नाकातून थोड्या दाबाने हवा सोडत राहिलं, तर झोपेत सैलावणारा घसा आतून तोलून धरता येईल, असा त्यांचा होरा होता. दाबाची हवा वैद्यकाला नवी नव्हती. जॉर्ज ग्रेगरी यांनी 1971 मध्ये नवजात बालकांच्या कच्च्या फुप्फुसांसाठी ती वापरलीच होती. सलिव्हन यांनी हवा फेकायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली.

दाब हळूहळू वाढवला तसा श्वास अडकायचा थांबला. कमी केला की पुन्हा अडकायचा. गडी रात्रभर गाढ झोपला आणि सकाळी टवटवीत उठला.

एप्रिल 1981 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा निबंध छापून आला. लागलेला दाब होता 4.5 ते 10 सेंटिमीटर पाण्याइतका. दहा सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा हिस्सा! सीपॅपचं, म्हणजे सतत दाबाची हवा सोडत राहण्याचं, तत्त्व असं झटक्यात सिद्ध झालं. ते घराघरांतल्या बिछान्यापर्यंत न्यायला मात्र पुढची कित्येक वर्षं लागली.

खरी अडचण नाकाशी होती. प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून फायबरग्लासचा मास्क घडवायचा आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या गोंदाने चेहऱ्याला चिकटवायचा. सकाळी खरवडून काढायचा. शेजारी मोटरची घरघर. तरीही लोक हे धूड घरी नेत होते, कारण पर्याय होता गळ्याला भोक.

1985 च्या सुमारास अमेरिकेत रेस्पिरॉनिक्सने तयार यंत्र बाजारात आणलं. सिडनीत पीटर फॅरल यांनी सलिव्हन यांच्या संशोधनावर 1989 मध्ये कंपनी उभी केली. तीच आजची रेसमेड. गोंद गेला तो मास्कच्या नव्या उशीमुळे. तिची सिलिकॉनची पातळ कड आतल्या हवेनेच फुगते आणि त्वचेवर दाबून बसते, त्यामुळे पट्टे फार आवळावे लागत नाहीत. श्वास सोडताना दाब उतरवणारं बायपॅप आणि गरजेनुसार दाब बदलणारं ऑटो यंत्र 1990 च्या दशकात आलं.

पण यंत्र घरात असणं आणि नाकावर असणं यात अंतर होतं. 1993 च्या एका अमेरिकी अभ्यासात 35 रुग्णांच्या यंत्रांत गुपचूप नोंद ठेवली गेली. सत्तर टक्के दिवस किमान चार तास यंत्र लावणारे निघाले फक्त 16. पुढे अमेरिकेच्या मेडिकेअर विम्यानेही हीच फूटपट्टी उचलली.

झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार आपल्याकडेही कमी नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन शहरी पुरुषांपैकी 7.5 टक्क्यांना लक्षणांसह स्लीप ॲप्निया आढळला.

मोटरचा आवाज दाबण्याची धडपड पुढे अंगाशीही आली. फिलिप्सने, म्हणजे रेस्पिरॉनिक्स विकत घेतलेल्या कंपनीने, जून 2021 मध्ये लाखो यंत्रं परत बोलावली. आवाज शोषण्यासाठी आत बसवलेल्या फोमचा भुगा होऊन तो श्वासावाटे शरीरात जाण्याची भीती होती. त्यामुळे जुनं किंवा वापरलेलं यंत्र घेताना मॉडेल आणि अनुक्रमांक तपासणं भाग झालं.

साधं, ऑटो की बायपॅप, हे आज झोपेच्या चाचणीवरून डॉक्टर ठरवतात. मास्कची निवड मात्र ज्याची त्यालाच करावी लागते. मिशी दाट असेल तर नाकावरच्या मास्कच्या कडेने हवा निसटू शकते. तिथे नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशा सोयीच्या ठरतात. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला बहुधा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागतो. आणि बसून नीट वाटलेला मास्क कुशीवर वळताच सरकू शकतो, म्हणून तो आडवं होऊन, ठरलेल्या दाबावर यंत्र चालू ठेवून लावून पाहावा लागतो.