जॅझमधील एक गुरु आणि त्याचा शिष्य

जॅझ म्हणजे नाचघरांतील गोंगाट, असा समज आपल्याकडील सुशिक्षित घरांत फार काळ रुजलेला होता. त्यावर वाद घालण्यापेक्षां एका गुरुशिष्यांच्या जोडीची हकीकत सांगणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

लुई आर्मस्ट्राँग हा न्यू ऑर्लीन्स शहरीं ४ ऑगस्ट १९०१ रोजीं अत्यंत दरिद्री घरांत जन्मला. १९१२ च्या अखेरच्या रात्रीं भर रस्त्यांत पिस्तुलाचा बार काढल्यामुळें त्याची रवानगी कृष्णवर्णी मुलांच्या सुधारगृहांत झाली. तेथील बँडांत त्याला कॉर्नेटचें शिस्तशीर शिक्षण मिळालें. पुढें जो 'किंग' ऑलिव्हर या नामांकित वादकानें त्याला हाताशीं धरलें, आणि १९२२ सालीं शिकागोस बोलावून आपला दुय्यम कॉर्नेटवादक नेमलें.

ऑलिव्हरची रीत सामुदायिक होती. कॉर्नेट मुख्य चाल धरी, क्लॅरिनेट तिच्याभोंवतीं वेलबुट्टी काढी, ट्राँबोन खालून आधार देई. एकट्यानें पुढें येण्यास वाव थोडा. १९२४ सालीं शिष्यानें गुरूला सोडलें, तें वृंदांतील पियानोवादक व त्याची पत्नी लिल हार्डिन हिच्या आग्रहानें. या बाईंना त्याचें श्रेय देतांना लोकांनीं हात आखडता घेतला, असें आमचें मत आहे.

१९२८ च्या जून महिन्यांत ऑलिव्हरनें आपली 'वेस्ट एंड ब्लूज' ही रचना मुद्रित केली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस शिष्यानें तीच वाजविली. आरंभीं साथ नाहीं, ठेका नाहीं. एकटा ट्रंपेट उंच चढतो आणि वळणें घेत उतरतो. हा सारा प्रकार पाव मिनिटाचाही नाहीं. पण त्यापुढें एकट्या वादकाची कल्पकता हाच जॅझचा प्राण मानला जाऊं लागला. तीन मिनिटांच्या तबकडींत राग बसविणारे आपले गवई ज्यांनीं ऐकले आहेत, त्यांस ही काटकसर ओळखीची वाटेल. मात्र त्या जुन्या वीणेंतील गोडी मागें पडली, हेंही खरें.

१९२६ सालीं शिकागोंत आर्मस्ट्राँगबरोबर मुद्रण करणारा पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढें मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवीत असे. तो १९४५ सालीं कलकत्त्यास वारला.

ऑलिव्हरचें वाजविणें हिरड्यांच्या विकारानें सुटलें. १९३७ च्या सुमारास सॅव्हाना गांवीं तो भाजी विकतांना आपल्यास भेटला, असें आर्मस्ट्राँगनें सांगितलें आहे. शिष्यानें खिशांतील होते तेवढे पैसे त्याच्या हातीं ठेवले. त्या रात्रीं ऑलिव्हर गहाण टाकलेले कपडे सोडवून, पूर्वीच्या थाटांत, शिष्याचें वादन ऐकावयास आला. १९३८ च्या एप्रिलांत तो तेथेंच वारला.