दिसतं कसं, की करतं काय?

दिवाळीच्या आधी बाबांचा नांदगावहून फोन आला. नांदगाव म्हणजे नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती. (नाशिककडचं नांदगाव नव्हे, हे मला कॉलेजपासून प्रत्येकाला सांगावं लागतं.) बाबा म्हणाले, "एक कुत्रं पायजे. तुरीत रानडुकरं घुसून राह्यले."

झालं! आमच्यासारख्या माणसाला रिक्वायरमेंट मिळाली की तो काय करतो? एक्सेल शीट उघडतो. रात्री अकरापर्यंत माझ्याकडे चौदा जाती आणि नऊ कॉलम तयार होते. दुसऱ्या दिवशी फोनवर मी उत्साहाने वाचून दाखवायला लागलो. उंची, रंग, केसांची लांबी... बाबांनी मध्येच तोडलं. "लेका, दिसते कसं ते नको सांगू. करते काय ते सांग."

या एका वाक्याने अख्खी शीट बाद झाली. कारण माझ्याकडे 'काम' नावाचा कॉलमच नव्हता. मग त्या शनिवार-रविवारी मी शीट सोडून पुस्तकं उघडली, आणि लक्षात आलं की बाबांचा प्रश्न जुना आहे. आपला, म्हणजे माझ्या पिढीचा, प्रश्न नवा आहे. तो नवा कधी झाला, त्याची ही गोष्ट.

सुरुवात अगदी लांबून करतो, कंटाळू नका. १९७४ साली नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला जमिनीत चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जोडलेला रथ. अभ्यासक त्यांचा काळ साधारण चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. रथात एक माणूस उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर, माणूस आणि बैलांच्या मध्ये, एक छोटंसं कुत्रं उभं आहे. शेतावर निघालेली बैलगाडी आणि सोबत कुत्रं हे दृश्य मी लहानपणी रोज पाहिलंय, त्यामुळे तो फोटो पाहून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. ते कुत्रं शोभेला नाही, प्रवासाला निघालंय.

आता एकदम बाराव्या शतकात येऊ. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या आसपास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत राजाला जे जे माहीत असावं ते सगळं त्यात आहे. त्यातल्या एका प्रकरणाचं नाव 'सारमेयविनोद'. सारमेय म्हणजे कुत्रा, वेदांतल्या सरमा या कुत्रीची प्रजा. शिकारीची कुत्री कुठल्या कुठल्या प्रदेशांतली असतात, त्यांच्यात काय गुण हवेत, त्यांच्याकडून शिकार कशी करवून घ्यायची, अशी चर्चा त्यात आहे. म्हणजे 'कुत्रं कोणतं घ्यावं' या विषयावर दख्खनमध्ये नऊशे वर्षांपूर्वीच लिहून झालंय! आणि लिहिणारा राजा असूनही सुरुवात कामापासून आहे. धावेल का, पकडेल का?

याच्या पुढच्याच शतकात आमचं गाव इतिहासात येतं. नांदगावचं खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ आणि तिथला यादव राजा कृष्णाच्या काळातला शिलालेख तेराव्या शतकातला. त्याच शतकात, आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला (तेच, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय) म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. त्यातली सशाची गोष्ट बऱ्याच जणांनी शाळेत वाचली असेल. पारधी कुत्री घेऊन सशाच्या मागे लागतात, आणि ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली लपतो. आपलं लक्ष नेहमी सशाकडे जातं, आणि जायलाच हवं. मला मात्र या खेपेला ती कुत्री दिसली. तेराव्या शतकातल्या मराठी गद्यात ती धावतायत, कामावर आहेत.

अर्थात सगळीच कुत्री कामाला ठेवलेली नव्हती. नामदेवांची पोळी पळवणारं कुत्रं कोणाचंच नव्हतं, आणि म्हटलं तर सगळ्या गावाचं होतं. गावातलं कुत्रं असंच असायचं. कोणी विकत आणायचं नाही, कोणी बांधायचं नाही. ज्या घरी शिळी भाकर नेमाने मिळते त्या घराच्या ओसरीवर ते बसायचं, आणि रात्री अनोळखी पाऊल वाजलं की भुंकायचं. म्हणजे निवड कुत्रं करायचं, माणूस नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रं, भैरवाचं वाहनच कुत्रं. आणि तरीही बहुतेक घरांत त्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. हे सगळं एकाच वेळी चालायचं.

लाडाचं कुत्रं आपल्याकडे नव्हतंच असंही नाही. साताऱ्याचे शाहू महाराज (कारकीर्द १७०८ ते १७४९) यांच्या कुत्र्याची हकीकत ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवली आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला. लोक त्याला खंड्या म्हणून ओळखतात. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. पण क्रम पाहा. आधी काम, मग पालखी.

मग बदललं कुठे?

मला वाटतं दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण मुंबई. बेवारशी कुत्री मारण्याचं धोरण इंग्रजांनी तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालवलं होतं. जून १८३२ मध्ये पोलिसांची माणसं कुत्री पकडत घराघरांपर्यंत पोचली आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यांच्यात अंत्यविधीच्या वेळी मृतदेह कुत्र्याला दाखवण्याचा 'सगदीद' नावाचा विधी आहे, त्यामुळे कुत्रं मारणं हा धर्मावरचा घाला होता. बाजार बंद पडला, दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. इतिहासात ती मुंबईची कुत्र्यांची दंगल म्हणून ओळखली जाते. पण दंगलीपेक्षा मागे जे उरलं ते मोठं आहे. मालकाचं ते 'पाळीव', बाकी सगळी 'भटकी'. गावाचं कुत्रं नावाची जी मधली जागा होती, ती शहराच्या कायद्यात मावली नाही. त्या कुत्र्याला इंग्रजीत 'पारिया' म्हणायला लागले, तेही दक्षिणेतल्या एका दलित जातीच्या नावावरून. एकाच शब्दात दोघांचा अपमान.

दुसरं ठिकाण इंग्लंड. १८५९ मध्ये न्यूकॅसलला पहिलं कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं आणि १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. तिथून जातीची व्याख्या कागदावर आली. कान असा, शेपूट अशी, नाक इतकं. तोवर मेंढ्या वळतो तो मेंढ्यांचा कुत्रा, इतकी साधी व्याख्या होती. प्रदर्शनात मेंढ्या नसतात. तिथे गुण दिसण्याला मिळतात.

हे वारं आपल्याकडेही आलं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी दख्खनची काटक शिकारी कुत्री जोपासली, आणि त्यातली एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिल्याचं सांगतात. आपण ज्याला कारवानी म्हणतो त्याच रक्ताची ती, मुधोळ हाउंड. २००५ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं आणि २०१६ च्या सुमारास लष्कराने त्यांना प्रशिक्षण द्यायला घेतलं. मालोजीरावांचं कौतुक हे की त्यांनी दिसण्याबरोबर धावणंही जपलं. पण हेच कुत्रं वन बीएचकेमध्ये ठेवलं तर त्याचे हाल आणि आपलेही.

आणि मग आपली पिढी. आपण कुत्री पडद्यावर पाहून आणली. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन'मधला टफी आला आणि गल्लोगल्ली पांढरे पॉमेरेनियन (खरं तर इंडियन स्पिट्झ) दिसायला लागले. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत पोरामागे पळणारा पग आला...

इथे मला थोडं थांबावं लागेल. २००५ साली नोकरी लागल्यावर मी पहिल्या पगारातून घरी काय नेलं असेल? पग. एप्रिल महिन्यात, नांदगावला! आईने त्याचं नाव चिकू ठेवलं. सगळी गल्ली बघायला आली होती. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "याले नाकच नाही." मला तो विनोद वाटला.

तो विनोद नव्हता, ते निदान होतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर घालवतं, आणि त्यासाठी लांब नाक, मोकळा घसा लागतो. पगचं नाक आपण माणसांनी चपटं करत आणलं, गोंडस दिसावं म्हणून. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. लोडशेडिंगमुळे दुपारी कूलर बंद. आई ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत बसली होती. मी पुण्यात एसीत होतो. संध्याकाळी फोन आला. चिकू दीड महिना आमच्या घरी होता.

ही गोष्ट मी आजवर कोणाला फारशी सांगितलेली नाही. आज सांगितली कारण आता आमच्या सोसायटीत दोन हस्की आहेत. सायबेरियात स्लेज ओढणारं कुत्रं, पुण्यात आठव्या मजल्यावर. मालक वाईट नाहीत, मीही नव्हतो. आम्ही फक्त चुकीचा प्रश्न विचारला.

तसं पाहिलं तर आपण आणतो ती बहुतेक कुत्री बेरोजगार कारागीर आहेत. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरायचे. जर्मन शेफर्ड मेंढ्या वळायचा. बीगल वासावरून ससा काढायचा. काम गेलं तरी अंगातली ऊर्मी जात नाही, ती मग सोफ्यावर निघते.

पण "अमुक जात आणली की अमुक स्वभाव मिळतो" हेही अर्धवट खरं. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला, १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. म्हणजे जातीवरून अंगकाठी, केस, नाक नक्की कळतं. स्वभाव त्या एका कुत्र्याकडेच पाहून समजून घ्यावा लागतो.

म्हणून शीट करायचीच असेल तर कॉलम बदला. घर दिवसातून किती तास रिकामं असतं? मे महिन्यात दुपारी दोन वाजता घरात किती तापमान असतं, आणि वीज गेल्यावर किती? पहाटे साडेपाचला, पावसातही, फिरवायला कोण नेणार? नाव सांगा, 'आम्ही सगळे' चालणार नाही. ऑनसाइट गेलात तर कोण? दहा-बारा वर्षं पुढचा विचार आहे का? आणि शेवटचा, बाबांचा कॉलम: ते दिवसभर करणार काय? याचं उत्तर 'काही नाही' असेल तर पिल्लू न आणता एखादं शांत, मोठं झालेलं, संस्थेतून दत्तक मिळणारं देशी कुत्रं पाहा. त्याचा स्वभाव तयार असतो, समोर दिसतो. आणि आपल्या उन्हाची त्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे.

आमच्या कुत्र्याचं काय झालं? डिसेंबरात गावी गेलो. गावातल्याच एका कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, दोन महिने पुरे झालेली. त्याआधी आईपासून तोडायचं नाही, हा बाबांचा नियम (डॉक्टरही तेच सांगतात). मला त्यातलं पांढऱ्या पायांचं आवडलं होतं. बाबा उलट्या घमेल्यावर तासभर नुसते बसून राहिले. मग उठले आणि तेच घमेलं दाणकन जमिनीवर आपटलं. तीन पिल्लं पळाली ती परत आलीच नाहीत. एक जागचं हललं नाही. पाचवं, मळकट तपकिरी, दचकून मागे गेलं, थांबलं, आणि हळूहळू परत येऊन घमेल्याचा वास घ्यायला लागलं.

"हे," बाबा म्हणाले.

मी विचारलं, हे एवढंसं रानडुकराशी काय लढणार? तर म्हणाले, "लढाले नाही पायजे. मले उठवाले पायजे." बरोबर आहे. डुक्कर हाकलायचं काम माणसाचं, जागल करणाऱ्या माणसाला जागं करायचं काम कुत्र्याचं. बाबा आता बहात्तर वर्षांचे आहेत, रात्री शेतात एकटे असतात, आणि मी सहाशे किलोमीटर लांब आहे. हा कॉलम माझ्या शीटमध्ये यायला हवा होता. तो सुचलाच नाही.

तीन महिन्यांचं झाल्यावर त्याला रेबीजची लस दिली. सध्या ते तुरीच्या पेंढ्यांवर झोपतं. नाव अजून ठेवलेलं नाही. आई चिकू म्हणते.