समुद्र नव्हता, मीठ होते

वऱ्हाडात १९३० साली झालेला मिठाचा सत्याग्रह ही दांडीची निव्वळ नक्कल होती, असे मत आपल्याकडे चांगली वाचलेली माणसेही मांडतात. समुद्र शेकडो मैल दूर, मिठागर औषधालाही नाही. मग कापसाच्या या मुलखाने मिठाचा कायदा मोडायचा तो कशाच्या जोरावर? त्यातून अग्रभागी कोण, तर अमरावतीचे वीर वामनराव जोशी, म्हणजे नाटककार. तेव्हा झाले ते नाटकच, असा टोलाही हे सद्गृहस्थ मारतात. वऱ्हाडाची खरी चळवळ म्हणजे जंगल सत्याग्रह, हे त्यांचे पुढचे म्हणणे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापले, हा त्यांचा पुरावा भक्कम आहे आणि मला तो मान्य आहे.

पण मिठाला समुद्रच लागतो, हे कोणी ठरवले?

दर्यापुरात राहणाऱ्याला तरी हा प्रश्न पडू नये. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळी, कसदार. पण विहीर खणली की पाणी खारे. त्या पाण्यावर ओलीत होत नाही, म्हणून कपाशी, तूर, हरभरा सगळे पावसाच्या आणि ओलीच्या भरवशावर. याच विहिरींच्या पाण्यातून इथले लोक पूर्वी मीठ काढीत. तो कुणाचा छंद नव्हता, धंदा होता. इंग्रज सरकारच्या मक्तेदारीने तो गुन्हा ठरवला. आता वाचकांनीच सांगावे: ज्याच्या विहिरीत मीठ आहे आणि तरीही ज्याला कर भरून परमुलखातले मीठ विकत घ्यावे लागते, त्याने हा कायदा मोडला तर त्याला नक्कल म्हणायचे? दांडीच्या कोळ्याइतकेच हे गाऱ्हाणे त्याचे स्वतःचे होते. शंका असेल त्यांनी मे महिन्यात पूर्णाकाठच्या एखाद्या जुन्या विहिरीचे पाणी घोटभर पिऊन पाहावे.

जागांची निवडही बघा. अकोला जिल्ह्यातले दहीहंडा आणि आपल्या दर्यापूर तालुक्यातले भामोद. दोन्ही याच पट्ट्यातली. केवळ देखावा करायचा असता तर अमरावतीच्या चौकात चूल मांडून भागले असते. गांधीजींनी ६ एप्रिलला दांडीला मीठ उचलले आणि १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, दहीहंड्याला कायदा मोडला गेला. पाणी कुठे खारे आहे, हे ज्यांना आधीपासून ठाऊक होते, त्यांनाच आठवड्याभरात हे साधते.

मीठ थोडेच निघाले, असेही म्हणतात. निघाले असेल. दांडीला तरी पोती भरली होती काय? कायद्याने वजन विचारले नव्हते.

उरला नाटककाराचा टोला. वामनरावांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ १९१३ साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. ‘रणदुंदुभी’ १९२७ साली मास्टर दीनानाथांच्या बळवंत मंडळीने. या दुसऱ्या नाटकातली पारतंत्र्याच्या विटंबनेची पदे घरोघर म्हटली गेली. हे लिहिणारा माणूस टिळकांच्या राजकारणात वाढला होता आणि त्याने तुरुंगवासही भोगला होता. त्याने विहिरीकाठी जाऊन मिठाची कढई चढवली, तर लेखणीला आचरणाची जोड मिळाली असे म्हणावे, की नाटक झाले असे? उलट लिहून घरी बसला असता तर हेच आक्षेपक त्याला बोलघेवडा म्हणाले असते. दोन्हीकडून मारण्याची सोय तर्कशास्त्रात नाही.

आणि पुसदचा दाखला त्यांच्या बाजूने लागतच नाही. एप्रिल आधी, जुलै नंतर. पाऊस लागला की खारे पाणी आटवून मीठ काढणे अवघड, आणि गवत तर पावसाळ्यातच वाढते. हंगाम पालटला तसे हत्यार पालटले. विळा हाती घेण्याआधी तीन महिने वऱ्हाडाने कायदा मोडून पाहिला होता, तो दहीहंड्याला आणि भामोदला.