वृद्धशुश्रूषा, खासगी (महाराष्ट्र)

वयोवृद्धांना घरी किंवा निवासी संस्थेत मोबदला घेऊन दिली जाणारी मदत. मुंबई-पुण्यात घरची मदत बहुधा ‘ब्यूरो’मार्फत, म्हणजे मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, मिळते. बारा किंवा चोवीस तासांसाठी ‘मावशी’ (स्त्री मदतनीस) वा वॉर्डबॉय येतात. अंघोळ घालणे, भरवणे, डायपर बदलणे, अंथरुणाला खिळलेल्यांना शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणे, ही त्यांची कामे. इंजेक्शन देणे, नळीतून अन्न देणे हे प्रशिक्षित परिचारिकेचे काम असून पैसे वाचवण्यासाठी ते मावशींवर सोपवणे धोक्याचे असते. घरी हे जमेनासे झाले की शुश्रूषागृहाचा विचार होतो. निवासी सोयीबाबत २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. घरी येणाऱ्या मावशींचे प्रशिक्षण व वेतन यांविषयी मात्र त्यात काहीच नाही. ही त्याची गंभीर उणीव होय.